पाव फेऱ्याची ढील

ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांच्या तराजूतला अर्ध्या ग्रॅमचा फरक सोडला नाही, त्याने स्वतःच्या मुलीच्या सायकलचं मागचं चाक उघडू नये, असा सरकारी नियम नाही. तो असायला हवा होता. निदान काटेसाहेबांचं तरी हल्ली तसं मत झालं आहे.

काटेसाहेब म्हणजे वजनमापे निरीक्षक. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. दुकानात शिरल्यावर ते दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता थेट तराजूच्या काट्याकडे बघतात, म्हणून बाजाराने ठेवलेलं हे नाव. पुढे तराजू विजेवर चालायला लागले, काटे गेले, आकडे आले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता तर सासुरवाडीची माणसंसुद्धा फोनवर "काटेसाहेब आहेत का?" असंच विचारतात.

तर एका सकाळी हे काटेसाहेब दाढीचा एक गाल उरकून दुसऱ्या गालाकडे वळले होते, तेवढ्यात त्यांची मुलगी न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला घरात टिकली म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता सोळा वर्षांची आहे आणि बापाच्या कानापर्यंत पोचते, पण नाव काही वाढवून मिळालेलं नाही.

"बाबा, मला फ्रीकोस्टर हब हवाय."

काटेसाहेबांना त्यातलं 'बाबा' आणि 'हवाय' एवढंच कळलं. पण वस्तरा थांबला तो वेगळ्या कारणाने. गेली दोन वर्षं टिकलीला काही हवं असलं की ती आईकडे जायची. बाबांकडे गेलं की आधी चौकशी, मग शंका, मग 'बघू', हे तिला पाठ झालं होतं. आणि त्या कसरतींच्या बीएमएक्स सायकलचं तर बापलेकीत नावच निघत नसे. ती घरात आली त्याच दिवशी काटेसाहेबांनी टेप लावून चाक मोजलं होतं आणि जाहीर केलं होतं, "वीस इंच. ही आठ वर्षांच्या पोराची सायकल आहे. मापात फसवणूक झालीय तुझी." टिकली त्यानंतर तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आज ती आपण होऊन दारात आली होती.

"बघतो," काटेसाहेब म्हणाले. मग स्वतःच घाईघाईने दुरुस्ती केली, "बघतो म्हणजे, आणतो."

हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसलेला डबा, ज्यातून सगळ्या तारा निघतात. टिकलीने सायकल बैठकीच्या खोलीतच आणली आणि मागचं चाक उचलून समजावलं. "हे बघा. मी मैदानातल्या सिमेंटच्या उतारावर वेगाने चढते. वर वेग संपला की सायकल तशीच मागे मागे खाली येते. आता चाक मागे फिरलं की पेडलंपण मागे फिरतात. म्हणजे मला उलटे पाय मारत खाली यावं लागतं. फ्रीकोस्टर असला की चाक मागे जातं आणि पेडलं गप्प. पाय जागच्या जागी."

"आणि पुढे जायचं झालं की?"

"मग पुढे पेडल मारायचं. जरासं मोकळं फिरतं आणि मग पकडतं."

'जरासं मोकळं' हे शब्द काटेसाहेबांनी तेव्हा नीट ऐकले नाहीत. ऐकले असते तर पुढचं काही घडलं नसतं, आणि मला दुसरी गोष्ट शोधावी लागली असती.

त्यांचं लक्ष वेगळीकडे होतं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावच्या सायकल-मैदानावर निवड होती. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि त्यातून दहाजणांना दोन महिन्यांचं शिबिर. गेल्या वर्षी टिकली अकरावी आली होती. उलटं खाली येताना पेडलचा असा फटका नडगीवर बसला होता की उरलेलं दीड मिनिट ती एका पायावरच होती. घरी आल्यावर ती रडली नव्हती, तिने फक्त सायकल गॅलरीत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. काटेसाहेबांनी ते पाहिलं होतं आणि काय बोलावं ते न सुचून ते गॅलरीतल्या कुंड्या सरळ रेषेत लावत बसले होते. ह्या वर्षी मुलीला अकरावी येऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

आता आपल्यासारखा माणूस काय करील? दुकानात जाईल, एक हब दाखव म्हणेल, घेऊन येईल. काटेसाहेबांनी तक्ता आखला. सात हब, अकरा रकाने. तारांची भोकं, एक्सलची जाडी, साखळीच्या चक्राचे दात, बेअरिंगं. वजनाचा रकाना लाल शाईने, कारण कंपन्यांनी छापलेल्या इतर कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. तक्ता भिंतीवर लागला आणि इमारतीत बातमी फुटली.

वरच्या मजल्यावर पाणीपुरवठ्याचे निवृत्त ओव्हरसियर राहतात. निवृत्तीनंतर त्यांचा सल्ल्याचा पुरवठा मात्र चोवीस तास चालू आहे. ते चहाची कपबशी हातात घेऊनच खाली उतरले. तक्ता वाचून म्हणाले, "मागे जायला यंत्र कशाला लागतं हो? आमच्या खात्याची कामं तीस वर्षं मागे जात होती. एक नट नाही लागला." मग आवाज खाली आणून, "घ्यायचाच तर जड घ्या. जड वस्तू टिकते." तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी दातांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "नऊच? बाकीचे कधी पडले?" काटेसाहेब हसले नाहीत. त्यांनी 'दात : ९' च्या पुढे कंसात 'मूळचेच' असं लिहिलं.

बायको टेलिफोन कंपनीच्या तक्रार कक्षात आहे. दिवसभर लोकांचा राग ऐकून तिचा आवाज मधासारखा झालाय, आणि घरी खरी भीती त्याचीच वाटते. ऑर्डर पाठवायच्या क्षणी ती खांद्यावरून डोकावली. "साखळीची बाजू डावी का लिहिलीत?"

"डावीच आहे. मी स्वतः बघून आलो."

"कुठे उभं राहून बघितलंत?"

काटेसाहेब सायकलच्या समोर उभे राहिले होते. तराजूच्या समोर उभं राहायची सव्वीस वर्षांची सवय. समोरून बघितलं की उजवं ते डावं दिसतं, हे लहान मुलालाही कळतं, पण लहान मुलं निरीक्षक नसतात. त्यांनी डावीचं उजवी केलं आणि त्या दुरुस्तीवर सही करून तारीख घातली.

हब परदेशातून निघाला, तेरा दिवसांनी पोचला, आणि गावाच्या टोकाला परदेशी पार्सलं सोडवायची कचेरी आहे तिथे अडकला. काटेसाहेब रजा टाकून गेले. खिडकीत एक शांत कारकून बसला होता. इतका शांत की त्याच्या डोक्यावरचा पंखाच जास्त उत्साही वाटत होता.

"वस्तू काय?"

"हब."

"खेळणं, यंत्राचा भाग, की खेळाचं साहित्य?"

काटेसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तिन्ही म्हणता येईल."

"मग तीन खिडक्या."

खेळण्याच्या खिडकीने वय विचारलं. वस्तूचं नव्हे, काटेसाहेबांचं. यंत्राच्या खिडकीने कारखान्याचा परवाना मागितला. साहित्याच्या खिडकीने फॉर्म शिक्का मारून परत पहिल्या खिडकीकडे पाठवला. तिथे पोचेपर्यंत मागे अकरा माणसांची रांग झाली होती. कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवलं. "कागदावर पाचशे चाळीस ग्रॅम. इथे पाचशे नव्वद. पन्नास ग्रॅम जास्त. लेखी खुलासा द्या."

काटेसाहेबांची नजर आपसूक काट्याच्या बाजूच्या पत्र्यावर गेली. तिथे तपासणीचा शिक्का असतो. होता. चौदा महिन्यांपूर्वी मुदत संपलेला.

गप्प बसायला हरकत नव्हती. दोन ओळींचा खुलासा खरडायचा, हब काखोटीला मारायचा आणि घर गाठायचं. हब हातभर अंतरावर होता. पण मुदत संपलेला काटा बघून मुकाट निघून जाणं म्हणजे... काटेसाहेबांना उपमा सुचेना, कारण त्यांनी आयुष्यात तसं कधी केलंच नव्हतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशा अवस्थेत ते अर्धं मिनिट उभे राहिले. मग बॅग उघडली, शिशाचं सील काढलं, तार ओवली आणि पकडीने दाबलं. कट्‌. काटा सीलबंद. त्यावर पंचनामा.

कारकुनाने तो शांतपणे वाचला. "बरं. आता वजन होत नाही. वजन नाही म्हणजे पार्सल सुटत नाही." मग रांगेकडे बघून जोडलं, "कुणाचंच."

अकरा तोंडं काटेसाहेबांकडे वळली. त्यातलं एक बाजारातल्या किराणा दुकानदाराचं होतं. त्याचा तराजू त्यांनी गेल्याच महिन्यात सील केला होता. "इथेपण?" तो म्हणाला. त्या दोन शब्दांत इतका थकवा होता की काटेसाहेबांनी मान खाली घातली.

"दुसरा काटा असेल ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. तपासणीला दिलाय. तुमच्याच कचेरीत. सात महिने झाले."

काटेसाहेबांच्या डोळ्यांपुढे त्यांचं स्वतःचं टेबल आलं. डाव्या बाजूचा गठ्ठा, वरून चौथी फाइल. अर्जावर एक सही कमी होती म्हणून त्यांनीच ती थांबवून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात, अवलक्षण आणि ज्योतिषी तिन्ही एकच माणूस होता.

तरी वाटलं होतं, आपलीच फाइल, उद्या मोकळी करू. तर त्यांच्या वरच्या साहेबांनी नियम काढला. ज्या कचेरीत निरीक्षकाचं स्वतःचं काम अडकलंय तिथला काटा त्या निरीक्षकाने तपासायचा नाही. हा नियम नऊ वर्षांपूर्वी काटेसाहेबांनीच सुचवला होता. साहेबांनी त्याबद्दल त्यांचं पुन्हा एकदा कौतुकही केलं. दुसऱ्या विभागातला निरीक्षक बोलवायला नऊ दिवस लागले. तोवर रोज संध्याकाळी टिकली दारात विचारायची, "आला?" आणि काटेसाहेब म्हणायचे, "येतोय." चौथ्या दिवशी तिने दारात येणं सोडलं, बसल्या जागेवरून विचारायला लागली. सहाव्या दिवसापासून विचारलंच नाही. आपले दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे? बायकोकडे केली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मधासारख्या आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे."

निवड चार दिवसांवर आली तेव्हा, बुधवारी, हब सुटला. दुरुस्त काट्यावर त्याचं वजन बरोबर पाचशे चाळीस भरलं. काटेसाहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. कारकून म्हणाला, "सही इथे."

बस आगाराच्या मागे चाकं बांधायचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. पन्नाशी उलटलेली, गळ्यात दोरीला बांधलेला तारांचा पाना, बोलणं मोजून. जुना हब काढून नवा बसवायचा म्हणजे छत्तीस तारा सोडायच्या आणि पुन्हा ओवायच्या. अक्का तार ओवायच्या, बोटाने छेडून कानाने ऐकायच्या आणि अर्धी फिरकी द्यायच्या. काटेसाहेब स्टुलावर बसून प्रत्येक तारेची नोंद घेत होते. अठराव्या तारेनंतर अक्कांनी एवढंच विचारलं, "हे घरीपण असेच असतात?" टिकली म्हणाली, "ह्याहून जास्त."

शेवटी अक्कांनी हबचं पोट उघडलं. आत पेचाच्या दांड्यावर सरकणारी एक कडी होती. पेडल पुढे मारलं की ती पेचावरून सरकत जाऊन चाकाला घट्ट पकडते, आणि मागे जाताना सोडून देते. "किती ढील ठेवू?" अक्कांनी विचारलं.

"पाव फेरा," टिकली म्हणाली.

"ढील?" काटेसाहेब स्टुलावरून उठले. "कसली ढील?"

"पकडायच्या आधी पेडल मोकळं फिरतं ना, ती. पाव फेरा."

"म्हणजे मारलेलं पेडल फुकट जाणार? मग हा माल सदोष आहे!"

"सदोष नाही. असाच असतो." अक्कांनी पाच पातळ वॉशर दाखवले. "हे जितके आत, तितकी ढील कमी. मागे येताना पाय थोडा हलतोच माणसाचा. ढील नसली तर तेवढ्यानेच पकडतो आणि फेकतो." त्यांनी तीन वॉशर काढून घेतले, पेचाला पातळ तेल लावलं आणि काटेसाहेबांना बजावलं, "कडीच्या तोंडाला घट्ट वंगण कधी लावू नका. घसरेल. आणि हे तीन जपून ठेवा, नवे मिळत नाहीत." काटेसाहेबांनी वॉशर पाकिटात घातले आणि पाकिटावर तारीख लिहिली. काम बघून बघून ते त्यांना पाठ झालं होतं, आणि तीच तर आपत्ती ठरली.

दोन दिवस टिकलीने मैदान सोडलं नाही. शुक्रवारी घरी आली ती हसत. शिबिराचं नाव काढेना, पण जेवताना दोनदा बाबांना वाढलं. काटेसाहेबांना वाटलं, झालं, भरून पावलो. इथे थांबले असते तर!

शनिवारी दुपारी टिकली झोपली होती. सायकल बैठकीत उलटी ठेवलेली. काटेसाहेब वर्तमानपत्र घेऊन बसले. पान उलटताना हात लागला म्हणून पेडल फिरवलं. मोकळं, मोकळं, मोकळं, टक्‌. पुन्हा फिरवलं. मोकळं, मोकळं, टक्‌. ज्या माणसाने हातातल्या प्रत्येक काट्यातली ढील शोधून काढायला पगार घेतला, त्याच्या स्वतःच्या घरात, भर बैठकीत, उघड उघड पाव फेऱ्याची ढील! त्यांनी हिशेब मांडला. तीन मिनिटांत निदान वीसदा सुरुवात. वीस गुणिले पाव. पाच आख्खे फेरे फुकट. गेल्या वर्षी ती अकरावी आली होती ती कदाचित एका फेऱ्याने. कुठला बाप हे बघत बसेल?

"काय करताय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तपासणी."

"टिकलीला विचारलंत?"

"तिला उद्या आश्चर्य वाटेल ना. आपोआप कळेल."

ह्यावर स्वयंपाकघरातून काहीच उत्तर आलं नाही. संसारात असं उत्तर न येणं फार लक्षपूर्वक ऐकायचं असतं. काटेसाहेब तेव्हा नट सोडवत होते.

तीन वॉशर आत गेले. ढील नाहीशी झाली. पेडलला हात लावला की टक्‌, केसाइतकाही फरक नाही. काम इतकं देखणं झालं की समाधानाच्या भरात त्यांनी तराजूंना लावायचं पिवळं वंगणही बोटभर कडीच्या तोंडाला फासलं. कोरडं लोखंड त्यांना बघवत नाही. अक्कांनी बजावलेलं त्यांना आठवलं, पण अक्का मुळात पाव फेरा सोडणाऱ्या बाई.

रविवारी सकाळी मैदानावर सगळे होते. बायको, पाण्याची बाटली घेऊन. ओव्हरसियर, कपबशीशिवाय पहिल्यांदाच. अक्काही दुकान बंद ठेवून आल्या होत्या. टिकलीच्या छातीवर सतरा नंबर, पाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पावणेअकराला ती सरावासाठी उतारावर चढली. वर गेली, वेग संपला, सायकल मागे यायला लागली. पाय जरासा हलला असेल नसेल, हबने खाडकन पकडलं, पेडल उसळलं आणि टिकली बाजूला सिमेंटवर आडवी.

कोपर खरचटलं होतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मागचं चाक उचलून पेडल हलवून बघत होती. एकदा लगेच पकडत होतं, एकदा पकडून घसरत होतं. तिचा आवाज बारीक झाला. "बिघडला. परवा तर एकदम चांगला होता. आई, बिघडला गं."

"तरी मी म्हणत होतो," ओव्हरसियर पुढे आले. "जड घ्या. आणि काही म्हणा, बसवणाऱ्याचा हात..." त्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी चाकाकडे बघितलं, मग काटेसाहेबांकडे बघितलं.

काटेसाहेबांना कालचं पिवळं वंगण आठवलं. एक शब्द बोलायची गरज नव्हती. हब परदेशी होता, ओव्हरसियर दोष वाटायला तयारच होते, आणि अक्का स्वभावानेच गप्प होत्या. टिकलीला कधी कळलंही नसतं. तिने दोन वर्षांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी आणून दिली होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं असतं. सव्वीस वर्षांत हजारो कागदांवर त्यांनी 'चूक आढळली' असं लिहिलं होतं. चूक कुणाची, तिथे स्वतःचं नाव एकदाही नव्हतं.

"मी उघडला होता," ते म्हणाले.

टिकलीने वर बघितलं. "काय?"

"हब. काल दुपारी. तू झोपली होतीस. वॉशर परत घातले, ढील काढून टाकली. वंगणपण लावलं, अक्कांनी नको म्हटलेलं. अक्कांची काही चूक नाही. चुकलं ते माझं."

काटेसाहेबांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. टिकलीने ओठ घट्ट मिटले आणि आईला विचारलं, "किती वाजले?"

"दहा पन्नास."

"अक्का, अर्ध्या तासात होईल?"

अक्कांनी पिशवीतून पाने काढले आणि काटेसाहेबांच्या पुढ्यात ठेवले. "ह्यांनाच करू द्या. कुठे काय फासलंय ते ह्यांनाच ठाऊक. मी बघते."

काटेसाहेब भर मैदानात मांडी घालून बसले. भोवती हेल्मेट घातलेल्या पोरांचं कडं जमलं. चाक निघालं, नट निघाले, हबचं पोट उघडलं. आतलं पिवळं वंगण बघून कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून त्यांनी पँटमधून सदरा ओढून काढला आणि त्याच्या टोकाने कडी पुसली, पेच पुसला, पुन्हा पुसला. एवढ्याशा वजनांना हाताळून तयार झालेली बोटं होती ती. तीन वॉशर बाहेर आले. तेलाचे दोन थेंब. सगळं मिटवून त्यांनी चाक टिकलीपुढे धरलं.

तिने फिरवून बघितलं. "अजून थोडी हवी."

"पण अक्कांनी तीनच काढले..." काटेसाहेबांनी जीभ चावली. "आणखी एक काढू?"

"काढा."

पुन्हा उघडलं. चौथा वॉशर काढला. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"आता?"

"आता बरोबर."

"बरोबर म्हणजे किती? पाव, की पावाहून..."

"बरोबर म्हणजे बरोबर, बाबा."

काटेसाहेबांनी तोंड मिटलं आणि एक्सलचे नट आवळले. अक्कांनी वाकून प्रत्येक नटाला एकदा पाना लावून बघितला. एकही हलला नाही. मग त्यांनी मान डोलावली.

सतरा नंबरचा पुकारा झाला तेव्हा बायको पुढे जाऊन कठड्याला उभी राहिली. काटेसाहेबांना पुढे जायचं धैर्य होईना. ओव्हरसियरांच्या मागे उभे राहून ते त्यांच्या खांद्यावरून बघत होते. टिकलीचं तोंड त्यांनी बघितलंच नाही. त्यांची नजर तिच्या पायांवर होती. ती वर गेली, वेग संपला, सायकल एक क्षण तशीच टांगल्यासारखी थांबली आणि मागे यायला लागली. चाक उलटं फिरत होतं, आणि पेडलं गप्प होती. पाय जागच्या जागी, जमिनीवर उभं राहावं तसे. खाली येता येता तिने सायकल अर्धी वळवली, पेडल मारलं, ते मोकळं फिरलं, आणि हबने हळूच पकडलं. काटेसाहेबांनी त्यानंतर श्वास घेतला असं बायको सांगते. त्यांना स्वतःला आठवत नाही. पुढची दोन मिनिटं मात्र आठवतात, कारण तिने तेच आणखी सहा वेळा केलं आणि प्रत्येक वेळी ते ओव्हरसियरांचा दंड दाबत होते. त्या दंडावर नंतर काळानिळा डाग उठला.

दुपारी कर्ण्यावरून नंबर वाचले. क्रम नव्हता, नुसते दहा नंबर. चार, एकतीस, नऊ, बावीस. काटेसाहेब बोटांवर मोजत होते. आठवा वाचला, तिचा नव्हता. नववा, नव्हता. मग वाचणाऱ्याला खोकला आला. ह्या जगात माणसाला नेमका कधी खोकला यावा ह्यावर काही तपासणी नाही. त्याने पाणी मागवलं, प्यायलं, कागद शोधला.

"सतरा."

बायकोने टिकलीला मिठी मारली. अक्का हसल्या. त्यांना दात आहेत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. ओव्हरसियर आजूबाजूच्यांना सांगू लागले की हबची निवड मूळ त्यांच्या सल्ल्यानेच झाली. काटेसाहेब सिमेंटच्या पायरीवर बसले. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता, आणि आता तिथे काय ठेवायचं हे त्यांना कळेना. सदऱ्याचं टोक पिवळंधमक झालं होतं. जाऊ दे, म्हणाले, सदरे काय पुष्कळ मिळतात.

टिकली सायकल ढकलत त्यांच्यापाशी आली. सायकल पायरीला टेकवली, शेजारी बसली.

"फार राग आला होता," ती म्हणाली.

"यायलाच हवा."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी अक्कांशी भांडले असते."

काटेसाहेब सदऱ्याचं पिवळं टोक पँटमध्ये खोचू लागले.

"शिबिर दोन महिन्यांचं आहे," टिकली म्हणाली. "दर तीन आठवड्यांनी हब उघडून पुसावा लागेल. नवीन तेल लागेल."

"अक्कांकडे नेऊ," काटेसाहेब लगेच म्हणाले. "मी हात लावत नाही त्याला."

"अक्कांना वेळ नसतो. तुम्हीच करायचं." तिने हेल्मेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "फक्त मी समोर बसणार. आणि ढील किती ते मी सांगणार."

"तू सांगणार," काटेसाहेब म्हणाले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की मुलीसमोर डोळे पुसायला त्यांनी हातसुद्धा आड धरला नाही.